आधी चौकोनी कंस

आर या प्रोग्रॅमिंग भाषेत तक्त्यातून ओळी-स्तंभ निवडायला डीप्लायर या पॅकेजचं फिल्टर-सिलेक्ट खुशाल वापर, पण त्याआधी आरच्या स्वतःच्या चौकोनी कंसावर हात बसव. स्वल्पविरामाआधी ओळी, नंतर स्तंभ.

समज, पुण्यातल्या शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव केंद्रांच्या रोजच्या पावसाचा तक्ता आहे आणि तुला ५० मिलिमीटरच्या वरचे दिवस हवेत. ज्या दिवशी नोंदच नाही तिथे एनए, म्हणजे ‘माहिती नाही’ची खूण, असते. कंसात नुसती अट घातलीस तर त्या दिवसाच्या जागी अख्खी एनएची ओळ येते, तारीखसुद्धा गायब! फिल्टर अशा ओळी गुपचूप गाळतं. त्यामुळे चाळण्याआधी आणि नंतर ओळी मोजायच्याच. कंसच वापरायचा असेल तर अट ‘व्हिच’ या फंक्शनमध्ये गुंडाळ.

दोन केंद्रं हवी असतील तर टक्क्याच्या दोन चिन्हांमधलं ‘इन’ (%in%) वापर. तिथे दुहेरी बरोबरचं चिन्ह (==) लिहिलंस, तर आर दोन्ही नावं ओळींवर आळीपाळीने लावत जातं आणि बऱ्याच नोंदी हरवतात. एरर येत नाही, हीच खरी गोम.

स्तंभ नावाने निवड, क्रमांकाने नको. उद्या कुणी मध्येच एक स्तंभ घुसवला की बोंब. आणि साध्या डेटा फ्रेममधून, म्हणजे आरमधल्या नेहमीच्या तक्त्यातून, असा एकच स्तंभ घेतलास तर तक्ता जाऊन व्हेक्टर, म्हणजे नुसती मूल्यांची रांग, हाती येतो. तक्ताच हवा असेल तर कंसात ड्रॉप फॉल्स (drop = FALSE) लिही.