नव्वद हजारांचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा का?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय ५६, राज्य सरकारी नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं. गृहकर्ज फिटलंय, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, दरमहा २५ हजार शिल्लक पडतात. रेकॉर्ड प्लेअरवर डेनॉनचं डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल (एमसी) कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, बसवलंय, पण अ‍ॅम्प्लिफायरला फक्त एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) फोनो इनपुट, म्हणजे जास्त सिग्नल देणाऱ्या कार्ट्रिजसाठीची जोडणी, आहे, त्यामुळे आवाज फार बारीक येतो. दुकानदार १:३० गुणोत्तराचा, म्हणजे सिग्नल तीसपट वाढवणारा, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर ९० हजारांना, बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर देतोय. तो घ्यावा, की मुदत ठेव मोडून रोखीने? पत्नीचं म्हणणं, या वयात हे कशाला.

ट्रान्सफॉर्मर जरूर घ्या. पण हा नको, आणि हप्त्यावर तर नकोच.

आधी वस्तूचं बघू, कारण इथे पैशाचं उत्तर वस्तूतच आहे. तुमच्या कार्ट्रिजमधून साधारण ०.३ मिलिव्होल्ट सिग्नल निघतो आणि कार्ट्रिजचा इम्पीडन्स (विद्युत अवरोध) ४० ओहम आहे. मूव्हिंग कॉइलमध्ये हा आकडा बराच मोठा. एमएम इनपुट ४७,००० ओहमचा असतो, पण ट्रान्सफॉर्मरमधून पाहताना कार्ट्रिजला तो गुणोत्तराच्या वर्गाने भागून दिसतो. १:३० घेतलात तर ४७,००० भागिले ९००, म्हणजे जेमतेम ५२ ओहम. आकडा जितका लहान, तितका भार जड. एवढ्या भाराखाली चाळीस टक्क्यांहून जास्त सिग्नल कार्ट्रिजच्या कॉइलमध्येच खर्ची पडतो. कागदावर ९ मिलिव्होल्ट, हातात येतात ५ च्या आसपास. १:१० घेतलात तर भार ४७० ओहम आणि इनपुटला ३ पैकी सुमारे २.८ मिलिव्होल्ट. बहुतेक एमएम इनपुटना तेवढं पुरतं, व्हॉल्यूमचं बटण थोडं पुढे न्यावं लागेल इतकंच. डेनॉनचा स्वतःचा एयू-३००एलसी हा ट्रान्सफॉर्मरही १:१० चाच होता. मोठं गुणोत्तर शोभतं ते दोन-चार ओहमच्या कार्ट्रिजला. पुढे तसं कार्ट्रिज घ्यायचा विचार पक्का असेल, तरच गुणोत्तर बदलता येणारा ट्रान्सफॉर्मर बघा.

आता पैसे. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज गायब होत नाही. ते किमतीतल्या सवलतीतून वळतं केलेलं असतं. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर येतो, बहुधा प्रोसेसिंग फीसुद्धा. रोखीने काय भाव, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. फरक तिथेच कळेल. मुदत ठेव मोडली तर बँक व्याजदर कमी करून देते, आणि निवृत्तीच्या तोंडावर ठेवीला हात लावायची तुम्हाला गरजही नाही. दोन महिने थांबलात तर शिल्लकीतूनच ५० हजार जमतात. त्यातल्या ४० हजारांच्या आत १:१० चा ट्रान्सफॉर्मर बसवा. तेवढ्यात मनासारखा मिळाला नाही तर एमसी इनपुट असलेली चांगली फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणारी वेगळी पेटी, घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

उरलेले दहा हजार सुईसाठी ठेवा आणि त्यात भर घालत राहा. डीएल-१०३ ची सुई घरी बदलता येत नाही. ती झिजली की पूर्ण कार्ट्रिजचाच खर्च समोर येतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये झिजणारं काही नसतं, नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो आणि विकायला काढला तर गिऱ्हाईकही मिळतं. या दोन खर्चांत मला सुईचा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पत्नीचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण दोन वर्षांनी दुपारी निवांत रेकॉर्ड लावायला तुम्हाला वेळ मिळणार आहे, आणि शिल्लकीतून केलेल्या ४० हजारांनी निवृत्तीचं गणित हलत नाही. ९० हजार आणि वर वर्षभराचा हप्ता, याला मात्र मी त्यांच्या बाजूने उभा आहे.

घेण्याआधी आठवडाभर घरी वाजवून पाहण्याची आणि परत करण्याची मुभा बिलावर लिहून घ्या. जोडणी एमएम इनपुटलाच करा. पेटी अ‍ॅम्प्लिफायरपासून हातभर दूर ठेवा आणि गुणगुण आली तर पेटी जागेवर फिरवून पाहा. तरीही गुणगुण राहिली तर त्याच आठवड्यात परत द्या.