हुकूम कुठला, ते आधी बघ

फोंडा, गोवा

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

पणजीच्या पुराभिलेख खात्यासाठी केलेला तुझा अर्ज वाचला. पहिलंच वाक्य, 'मी कोणत्याही टीमचा हुकमी एक्का आहे.' चवथीच्या रात्री जागून पत्त्यांचा मेंढीकोट खेळणाऱ्या मुलीने हे इतकं मोघम लिहावं, हे मला पटलं नाही.

हुकूम कुठल्या पानावर छापलेला नसतो. चाललेल्या रंगाचं पान ज्याच्याकडे नसतं तो दुसऱ्या रंगाचं टाकतो, आणि त्या टाकलेल्या रंगाचा हुकूम होतो. मग किलवरची दुर्री बदामाच्या एक्क्याला मारते. बांद्यापलीकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा, म्हणजे जुन्या धाटणीचे पत्ते, बघ. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधानानंतर दश्शा मोठा, उरलेल्यांत एक्का. एकाच एक्क्याला एका रंगात मान, दुसऱ्यात तो सगळ्यांत खाली!

म्हणून 'कोणत्याही' हा शब्द मला खटकतो. तुला मोडी वाचता येते, आणि ते तू शेवटी 'छंद' या रकान्यात टाकलंस. बँकेच्या अर्जात ते तिथे चाललं असतं. पण या खात्यात पोर्तुगीज दप्तरांबरोबर मोडीतले मराठी कागदही आहेत. इथे हुकूम तोच आहे गं, आणि तू तो हातात दाबून बसली आहेस.

आणखी एक. मेंढीकोट जोडीने खेळतात आणि जिंकणं ठरतं ते मेंढ्यांवर, म्हणजे चार दश्शांवर. भिडूचा हात होतोय हे ओळखून त्यावर आपली मेंढी टाकणारा खेळाडू मला एक्का आपटणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. मैत्रिणीच्या प्रबंधासाठी तू जुनी पत्रं वाचून दिलीस, त्याचा अर्जात उल्लेखसुद्धा नाही. संकोच कसला? तिच्या नावाचं काम होतं म्हणून तुझं वाचन कमी ठरत नाही. तिला विचारून ते अवश्य लिही.

हुकमी एक्क्याचं वाक्य काढ. त्या जागी मोडी घे. कुठल्या काळातले, कसले कागद वाचलेस आणि कुठे अडतेस, तेही स्पष्ट लिही. सोमवारपर्यंत नवा मसुदा पाठवलास तर मी त्याच रात्री वाचून परत करीन.

तुझे,
सर