१११११११११ चा वर्ग: एक्सेल कुठे चुकतो आणि दहाव्या एकाला काय होतं

प्रश्न थोडक्यात असा: नऊ एके (१११११११११) त्यांनीच गुणले तर एक्सेल १२३४५६७८९८७६५४३०० दाखवतो, मोबाइलचा कॅल्क्युलेटर मात्र शेवटी ३२१. खरं कोणाचं, आणि आकड्यांची ही चढउतार निव्वळ योगायोग का?

मोबाइलचं खरं: १२३४५६७८९८७६५४३२१. एकं स्थानी १ असलेल्या संख्येचा वर्ग शून्यात संपूच शकत नाही, एवढ्यावरूनच एक्सेल बाद. तो पहिले पंधरा अंक जपतो आणि पुढे शून्यं भरतो. ही संख्या सतरा अंकी. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा तर शेवटी ३२० सांगेल, कारण २ च्या ५३ व्या घाताच्या (९००७१९९२५४७४०९९२) पुढे तिच्या नेहमीच्या आकड्यांत विषम संख्या मावतच नाहीत. असल्या कामाला पायथॉन ही दुसरी भाषा घ्या.

आता योगायोगाचं. कागदावर उभा गुणाकार मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एके, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही, म्हणून रकान्यांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. दहा एके घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात. हातचा डावीकडे जातो, शेजारच्या नऊचेही दहा करतो आणि पुढच्या आठाचा नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ गेला!

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं. कल्पना सुचली ते जी.आय.पी. रेल्वेचं डेम्लो स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. (लोकलच्या गर्दीत आज कोणाला काय सुचेल, देव जाणे.)

मला स्वतःला यापेक्षा अवयव जास्त आवडतात. १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७, तिन्ही मूळ संख्या. त्यामुळे वर्गात ३⁴ × ३७² × ३३३६६७² येतं आणि विभाजक ४५ होतात. या वर्गाच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ म्हणजेच ३⁴. तेव्हा हा वर्ग आपल्या अंकांच्या बेरजेने भागला जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. अशा संख्यांना 'हर्षद' म्हणतात, हेही नाव कापरेकरांचंच.

पण ११, १११, ११११ यांचे वर्ग, म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१, हे सगळेच हर्षद असतील असं समजू नका. एके जितके, त्याचा वर्ग म्हणजे अंकांची बेरीज. म्हणून नुसत्या एकांच्या मूळ संख्येला त्यात जितके एके आहेत तितक्याने भाग जायला हवा. ११ ला २ ने जात नाही, १११ ला ३ ने जातो, ११११ ला ४ ने नाही. नऊपर्यंत तपासलं तर १, १२३२१ आणि तुमची ही संख्या, एवढ्याच उरतात.