शंभर दिरहमची नोट

मी समुपदेशक. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की माझ्याकडे एक ठराविक तक्रार येते. "एवढा खर्च करून फिरून आलो, सगळं छान होतं, तरी मन खट्टू का? मी कृतघ्न आहे का?" त्यात दुबईहून परतलेले बरेच. तिथे चकचकाट इतका असतो की आपलं जरा कोमेजलेलं मन आपल्यालाच गुन्ह्यासारखं वाटायला लागतं.

वैशाली (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) सेहेचाळीस वर्षांच्या, ठाण्यात राहणाऱ्या, माहेर चिपळूणजवळचं. नवरा, दोन मुलं, पाच दिवस दुबई. नवऱ्याने वर्षभर पैसे बाजूला टाकून बेत आखला होता. बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावर जाऊन आले, मॉलमधल्या बर्फात मुलं घसरगुंडी खेळली. आणि चौथ्या दिवशी एका सुपरमार्केटच्या काउंटरवर भांडण झालं. बिल द्यायचं होतं, पाकिटात शंभर दिरहमची एक जुनी नोट होती आणि ती द्यायला वैशाली तयार होईनात. "अगं, दे ना, मागे रांग आहे." नाही म्हणजे नाही. मुलगी म्हणाली, "आई ना, सगळ्याचा मूड घालवते." तेव्हापासून घरात अबोला.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "शेख झायेद रोडवर मजुरांची बस दिसली मॅडम, सगळे खिडकीला डोकं टेकून झोपलेले. मला एसी टॅक्सीत बसवेना." मी लगेच निष्कर्ष काढला की ही अपराधी भावना आहे, आपल्या चैनीची लाज. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद ठेवण्याचा तिथे नियम आहे, हे मला माहीत होतं, तेही सांगून टाकलं, जणू त्याने त्यांना दिलासा मिळणार होता. खरं तर मला स्वतःलाच त्या शहराचं जरा वावडं आहे. माझं मत मी त्यांच्या तोंडी घालत होते. त्या नम्रपणे ऐकत राहिल्या.

दुसऱ्या भेटीत मी फक्त नोटेबद्दल विचारलं.

त्यांचे वडील, अप्पा, १९८३ साली शटरिंगचे सुतार म्हणून दुबईला गेले, १९९५ला कायमचे परतले. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. येताना टँगचा डबा, निडोची पावडर, एकदा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप. पत्रांऐवजी कॅसेट यायच्या. आई त्या स्वयंपाकघरात लावायची आणि अप्पा त्यात प्रत्येक वेळी म्हणायचे, "इथे सगळं झकास आहे." वैशाली आठ वर्षांच्या असताना अप्पांनी शंभर दिरहमची नोट दाखवली. मागच्या बाजूला एक उंच इमारत होती, दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटर. "ही मी बांधली हो!" दुसऱ्या दिवशी नोट मोडायला गेली. वैशालींनी मात्र शाळेत वर्षभर सांगितलं, माझ्या अप्पांची बिल्डिंग नोटेवर आहे.

ती इमारत आता मोठ्या टॉवरांच्या गर्दीत बसकी वाटते, ३९ मजल्यांची. मेट्रोतून ती दिसल्यावर त्यांनी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितलं. मुलीने फोनवर पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही १९७९ला सुरू झाली. आजोबा तेव्हा इथे नव्हते."

हे सांगताना त्या हसल्या, आणि मग बराच वेळ रडल्या.

मजुरांची कणव होतीच, पण खाली राग होता. बारा वर्षं बाप घरी नाही. दहावीच्या निकालाला नाही, पहिल्या पाळीला आई गोंधळली तेव्हा नाही. आणि त्या नसण्याच्या बदल्यात मिळालेली एकमेव ऐट, तीही थाप. अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली, आता भांडायचं कुणाशी? त्यातून ट्रिपमध्ये मजा आलेली. कारंजी पाहताना त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या होत्या, देरा भागातून एक दिरहममध्ये खाडी ओलांडणारी अब्रा, म्हणजे होडी, त्यांनी दोनदा केली. "मजा आली म्हणून जास्त वाईट वाटतं," असं त्या म्हणाल्या. मी ते दुरुस्त करायला गेले नाही. मजा आणि राग यांतलं एक निवडा, असं कुणी त्यांना सांगायची गरज नव्हती. घरचे तेच सांगत होते.

तिसऱ्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. तो पहिल्यांदा हिशेबच बोलला, किती दिरहम, गुणिले तेवीस. मग म्हणाला, "ही गप्प बसली की वाटतं, माझ्या ट्रिपचा निकाल लागला. नापास." नोटेची गोष्ट त्याने तोवर ऐकलीच नव्हती. वीस वर्षांच्या संसारात. असं होतं, मला त्याचं नवल वाटत नाही. त्याला वाटत होतं, बायकोला आनंदी ठेवणं हा त्या पॅकेजचाच भाग आहे. खर्च करणारा माणूस नकळत आनंदाची पावती मागतो, आणि समोरचा ती द्यायची म्हणून खोटं हसतो. अप्पांची कॅसेट तेच तर करत होती.

मी घरी करायला एकच गोष्ट दिली: आईशी बोला.

पुढच्या वेळी वैशाली आल्या त्या पर्समधून नोट काढतच. आईला विचारलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला ठाऊक होतं गो. ते गोदामं बांधायचे, जेबेल अलीला. आता गोदामाचं चित्र नोटेवर कोण छापणार?"