फ्लॅश साठवण पारखताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या डेटा सेंटरसाठी एसएसडी (फ्लॅश चिपांवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्ह) घ्यायच्या आहेत, पण विक्रेते केवळ वेगाचे आकडे दाखवतात. नेमके काय तपासावे?

उत्तर : कोऱ्या ड्राइव्हवर मोजलेल्या वेगावर कृपया विसंबू नका. फ्लॅशमध्ये जुन्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही, आधी संपूर्ण ब्लॉक, म्हणजे एकत्रच पुसला जाणारा मोठा भाग, पुसावा लागतो. त्यामुळे ड्राइव्ह भरल्यावर लेखन मंदावते. म्हणून ती दोनदा पूर्ण भरून, मग आपल्याच कामाचा भार काही तास चालवावा आणि प्रतिसादाच्या सरासरी वेळेपेक्षा सर्वांत संथ एक टक्का प्रतिसाद पाहावेत, कारण खातेदार काउंटरवर खोळंबतो तो त्यांच्यामुळेच. ३.८४ टेराबाइटच्या ड्राइव्हला रोज एकदा पूर्ण लेखनाची ५ वर्षांची हमी असेल, तर एकूण सुमारे ७,००० टेराबाइट लेखन होते. आपले रोजचे लेखन त्याच्याशी ताडून पाहावे. वीज अचानक गेल्यास साठवलेल्या विजेवर लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर नसलेली ड्राइव्ह मात्र, कितीही स्वस्त असली तरी, आर्थिक नोंदींसाठी मुळीच घेऊ नये.