खून, हत्या की घातपात?

प्रश्न असा आहे: विद्यापीठाच्या एका छोट्या गावात हिवाळी महोत्सव भरलाय, बर्फशिल्पांच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी एका प्राध्यापकांचा मृतदेह सापडतो आणि ग्रंथपालबाई तपासाला लागतात. अशा हलक्याफुलक्या रहस्यकथेचा अनुवाद करताना 'खून' भडक वाटतो, तर सगळीकडे 'हत्या' लिहावं का?

लिहू नये. 'हत्या' सौम्य नाही, उलट जड आहे. आत्महत्या, भ्रूणहत्या, ब्रह्महत्या या शब्दांतलं पातकाचं ओझं तो सोबत आणतो, शिवाय त्याला बातमीचा आणि राजकारणाचा वास आहे. महोत्सवात गरम पेयाचा कप हातात धरून कुजबुजणारी माणसं 'खून झालाय म्हणे' असंच म्हणतील. 'खून' फारसीतून आला. तिथे आणि हिंदीतही त्याचा अर्थ रक्त, पण मराठीत रक्ताचा अर्थ उरलेला नाही, त्यामुळे तो वाचताना रक्त दिसत नाही. भडकपणाची भीती बहुधा हिंदीच्या सवयीतून येते. 'वध' तर नकोच. कंसाचा होतो, कीचकाचा होतो, म्हणजे मारणाऱ्याची बाजू न्याय्य ठरवूनच तो शब्द येतो.

खरी मेख वेगळी आहे. कथेत त्या क्षणी जेवढं कळलेलं असेल तेवढंच सांगणारा शब्द हवा. मृतदेह सापडल्यावर निवेदनात फक्त 'मृत्यू'. माणूस बर्फावरून घसरला असेल असं सगळे धरून चालतात तोवर 'अपघात'. मग कुणाला तरी पायऱ्यांवर ओतलेलं पाणी गोठलेलं दिसतं, आणि इथे 'घातपात' हा नेमका शब्द येतो: कुणाचा तरी हात आहे एवढं कळतं, कोणाचा आणि कशासाठी ते नाही. 'अपघात की घातपात' ही जोडी मराठीत रुळलेली आहे, ती इथे वापरायलाच हवी. मुद्दाम केलेलं कृत्य आहे हे पक्कं झालं की 'खून'. दुसऱ्याच प्रकरणात निवेदक 'खुनाची जागा' म्हणाला, तर लेखकाने चार प्रकरणं राखलेलं गुपित अनुवादक फोडतो. पात्राच्या तोंडी मात्र आधी चालेल. ग्रंथपालबाई 'खून' म्हणतील आणि पोलीस अधिकारी 'मृत्यू'वर अडून बसेल, यातच गंमत आहे.

करणाऱ्याला 'खुनी' म्हणा. 'मारेकरी' म्हटलं की कुणीतरी पाठवलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि या कथांत गुन्हेगार ओळखीतलाच असतो. हिंदी वळणाचा 'हत्यारा' तर घोटाळाच करतो: 'हत्याऱ्याने' म्हणजे माणसाने, 'हत्याराने' म्हणजे शस्त्राने, आणि छपाईत 'ऱ्या'तला य गळला की वाक्यच फिरतं.

लेखनात सर्वांत जास्त चुका इथे होतात. 'खून' पुल्लिंगी, 'खूण' स्त्रीलिंगी: खुनाचा तपास, पण बर्फावरच्या बुटांच्या खुणा. दोन्हींत रूप बदललं की खू ऱ्हस्व होतो. 'गूढ' मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे त्यातला गू दीर्घच राहतो: गूढाची उकल, 'गुढाची' नव्हे. 'खुनशी' म्हणजे डूख धरणारा. तो खुनी असेलच असं नाही, आणि खोट्या मागावर न्यायला हे पात्र उत्तम.

'संशयित' यातला यि ऱ्हस्व. ज्याच्यावर संशय आहे तो संशयित, जो संशय घेतो तो संशयी, आणि हालचाली, पत्र, गाडी हे सगळं संशयास्पद. 'संशयित हालचाली' असं सर्रास छापलं जातं, ते टाळावं. 'आरोपी' त्याच्यावर आरोप ठेवल्यानंतरच. ग्रंथपालबाईंच्या टिपणवहीत सहा नावं असली तरी ते सहाही जण संशयितच.