व्हर्जन बदललं आणि आर्क्युएट निम्मा झाला: आधी हेडर उघडा

तुम्ही लिहिलंय: एकाच माणसाचा मेंदूचा एमआरआय डेटा, त्यावरून ट्रॅक्टोग्राफी, म्हणजे मेंदूतल्या तंतूंच्या जुड्यांचे मार्ग संगणकाने रेखणं. लॅबच्या जुन्या मशीनवर एमआरट्रिक्स या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन आरसी३, घरच्या लॅपटॉपवर ३.०.४. एकीकडे डावा आर्क्युएट (भाषेच्या भागांना जोडणारी कमानदार जुडी) भरगच्च, दुसरीकडे निम्मा, आणि गाइड विचारतायत खरा कुठला. तुमची पोस्ट वाचून पोटात जुनाच गोळा आला. शिवाय तुम्हीही बडोद्याचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रेडियंटच्या दिशा, एडी करेक्शन, मास्क वगैरे स्कॅनची सुरुवातीची साफसफाई तुम्ही तपासलं असेलच. त्यात जात नाही.

एकाच व्हर्जनवर तीच कमांड दोनदा चालवून बघा. आयफॉड२ (मार्ग रेखायची पद्धत) प्रत्येक पावलाला दिशा चिठ्ठी काढल्यासारखी निवडतं, त्यामुळे दोन रनसुद्धा हुबेहूब जुळत नाहीत. तो फरक किती हे कळल्याशिवाय व्हर्जनवर खापर फोडू नका. मग अदलाबदल करा: जुन्या व्हर्जनचा एफओडी (कुठे कोणत्या दिशेला किती तंतू आहेत त्याचा नकाशा) नव्या टीसीकेजेनला (मार्ग रेखणारी कमांड), नव्याचा जुन्याला. फरक एफओडीच्या मागे मागे गेला, तर ट्रॅकिंग निर्दोष. तुमचं घोडं तिथेच अडलंय असं मला वाटतं (अंदाजच हं, डेटा मी पाहिलेला नाही). तुम्ही रिस्पॉन्स (ज्याच्या आधारे एफओडी काढतात तो नमुना सिग्नल) डोलँडर पद्धतीने काढलाय, आणि त्यातली व्हाइट मॅटरचे (तंतूंच्या भागाचे) व्होक्सेल (प्रतिमेचे छोटे घन) निवडायची रीत ३.० मध्ये बदलली. रिस्पॉन्स बदलला की एफओडीची उंची बदलते, कटऑफ (एफओडी ज्याच्या खाली गेला की मार्ग थांबतो ती मर्यादा) मात्र त्याबरोबर आपोआप हलत नाही. ३.०.४ मध्ये तो ०.१ आहे, एसीटी (मार्गांना मेंदूच्या रचनेचं बंधन घालणारा पर्याय) लावलं तर त्याच्या निम्मा. आर्क्युएट जिथे वळतो तिथे एफओडी आधीच बारीक, त्यामुळे कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.

व्होक्सेलचं मापही बघा. २ मिमीला आयफॉड२चं पाऊल १ मिमी असतं. कुणी एका मशीनवर १.२५ला रीग्रिड केलं (व्होक्सेलचं माप बदललं) असेल तर ०.६२५. कमांड तीच, चाल वेगळी.

आता जे मला सगळ्यात महाग पडलं ते. आमचं काम सामायिक सर्व्हरवर चालायचं. सॉफ्टवेअर संस्थेचा संगणक विभाग टाकायचा आणि मॉड्यूलचं नाव नुसतं 'एमआरट्रिक्स', पुढे आकडा नाही. आमचे कंट्रोल (तुलनेसाठीचे निरोगी लोक) आधी स्कॅन झाले, पेशंट नंतर, आणि प्रोसेसही त्याच क्रमाने झाले. मधे कधीतरी विभागाने त्याच नावाखाली नवं व्हर्जन बसवलं. मेल नाही, नोटीस नाही. पेशंटांच्या कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टमध्ये (मेंदूकडून मणक्याकडे जाणारी जुडी) स्ट्रीमलाइन (रेखलेल्या रेषा) कमी दिसल्या, आम्ही खूश, पोस्टर छापायला गेलं. शंका आली ती एका कंट्रोलमुळे. त्याचं स्कॅन उशिरा झालं होतं, आणि आलेखात तो थेट पेशंटांच्या घोळक्यात जाऊन बसला.

विभागाला एवढंच विचारलं की अपडेट कोणत्या तारखेला केलं. उत्तर: विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज करा. अर्ज दिला, आवकचा शिक्का मारून घेतला. मग साहेब रजेवर. मग उत्तरायण, मग दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, मग 'फाइल वर गेलीये'. शेवटी कागद आला त्यावर एकच वाक्य: 'सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करण्यात येते.' ज्याने अपडेट केलं तो मुलगा या सगळ्या काळात शेजारच्या टेबलावर चहा पीत होता, पण त्याला तोंडी सांगायची परवानगी नव्हती म्हणे. असो.

तारखेची गरजच नव्हती. टीसीकेइन्फो कमांड चालवा: टीसीके फाइलच्या (स्ट्रीमलाइनची फाइल) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, व्हर्जन, पाऊल, कोन, कटऑफ, अख्खी कमांड हिस्टरी बसलेली असते. मिफ फाइलींसाठी (एमआरट्रिक्सच्या प्रतिमा) एमआरइन्फो. आमच्या एमएस्सीच्या एका मुलाने सगळ्या हेडरांतून व्हर्जनची ओळ उपसून काढली. कंट्रोल इकडे, पेशंट तिकडे, आणि तो एकटा उशिराचा कंट्रोल पेशंटांबरोबर. (मधल्या फाइली निफ्टी या दुसऱ्या प्रतिमा-फॉरमॅटमध्ये बदलून मिफ उडवायची सवय असेल तर सोडा, ही हिस्टरी निफ्टीत टिकत नाही.) मग रिस्पॉन्सच्या सरासरीपासून सगळं परत चालवलं. गटांमधला फरक उडाला, पोस्टर अजून कपाटामागे आहे.

आता माझं मत, पटलं तर घ्या. थेसिस चालू असताना व्हर्जन बदलू नये. कंटेनर (सॉफ्टवेअर ठरावीक व्हर्जनसकट गोठवलेला डबा) करून ठेवावा. बदलायचंच तर सगळे सब्जेक्ट पहिल्यापासून. 'व्हर्जन कोव्हेरिएट म्हणून (हिशेबात वेगळा घटक धरून) टाकू' असं कुणी सुचवेल, पण गट आणि व्हर्जन एकमेकांवर तंतोतंत बसत असतील तर कुठलंही संख्याशास्त्र त्यांना सुटं करू शकत नाही. आणि नुसत्या स्ट्रीमलाइन मोजून तुलना करू नका. टीसीकेजेनच्या सिलेक्ट पर्यायाने एकूण आकडा आधीच बांधलेला असतो. एका ट्रॅक्टच्या वाढल्या की दुसऱ्या कुणाच्या तरी कमी होणारच. निदान सिफ्ट२ (स्ट्रीमलाइनना डेटाशी जुळतील असं वजन देणारी पद्धत) तरी लावा.

गाइडना मात्र 'खरा कुठला' याचं उत्तर देऊ नका, कारण नवं म्हणजे खरं असं काही नसतं. २०१७ मध्ये छापून आलेल्या ट्रॅक्टोग्राफीच्या तुलनेत २० गटांनी ९६ ट्रॅक्टोग्राम (रेखलेल्या मार्गांचे संच) दिले होते. खरे बंडल (जुड्या) बहुतेकांना बऱ्यापैकी सापडले, पण जोडीला खोटे त्याहून जास्त. तरी ऐकेनात, तर फ्रीसर्फर या मेंदू मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा २०१२चा अभ्यास दाखवा: व्हर्जन बदलल्यावर मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक. मी भौतिकशास्त्राची, डॉक्टर नाही. हा आर्क्युएट ऑपरेशनच्या नियोजनासाठी लागणार असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि न्यूरोरेडिओलॉजिस्टबरोबर बसा.

दोन्ही टीसीकेची हेडरं इथे टाका, बघून सांगते. टाकण्याआधी कमांड हिस्टरी नीट वाचा, त्यात फोल्डरचा पाथ येऊ शकतो, आणि आपल्याकडे फोल्डरला पेशंटचंच नाव द्यायची पद्धत आहे.